राजघराण्याचे पाहुणे: उभ्यानं की बसून?

ब्रिटिश राजघराण्याच्या दौऱ्यातला अर्धा तास आपल्या संस्थेच्या वाट्याला आलाय हे कळलं की पहिले दोन दिवस आनंदात जातात. तिसऱ्या दिवशी समितीची बैठक बसते आणि कुणीतरी विचारतं, "मग आपण त्यांचं किती करायचं?" पुढचे तीन आठवडे त्या ‘किती’त जातात.

कॅनडात राहून मी या ‘किती’तून दोनदा गेलोय, दोन्ही वेळा कम्युनिटी सेंटरचा स्वयंसेवक म्हणून. पहिल्यांदा आम्ही पूर्ण इतमामानं स्वागत केलं. काही वर्षांनी, दुसऱ्या गावात, दुसऱ्या संस्थेत, जवळजवळ काहीच केलं नाही. पाहुणे कोण होते आणि संस्था कोणत्या, हे सांगत बसत नाही. हल्ली ओळखीतल्या एकदोन मंडळींनी हाच प्रश्न विचारला म्हणून लिहायला घेतलं. तुमच्याकडे राजघराण्यातलं कुणी येणार नसेल, प्रांतातले राजांचे प्रतिनिधी, म्हणजे लेफ्टनंट गव्हर्नर, येणार असतील, तरी प्रश्न हाच असतो, फक्त माप लहान.

कुणाला काय म्हणायचं, हात आधी कोणी पुढे करायचा, फोटो कधी काढायचा, हे सगळं प्रोटोकॉलवाले तुम्हाला लेखी देतात, त्यामुळे ते सोडून देतो. झुकून अभिवादन करणं सक्तीचं नाही, एवढं मात्र सांगून टाकतो. ही शंका दर बैठकीत निघते आणि तिच्यावर वीस मिनिटं जातात.

इतमामाचा कार्यक्रम म्हणजे दारात बँड, राष्ट्रगीत, आत स्वागताची रांग, व्यासपीठ, दोन भाषणं, कोनशिलेवरचा पडदा आणि शेवटी वहीत सही. साधा कार्यक्रम म्हणजे संस्थेचं रोजचं काम चालू ठेवायचं आणि पाहुण्यांनी त्यात येऊन बसायचं. दोन्हींच्या मधलं बरंच काही असतं, पण समितीत भांडण होतं ते या दोन टोकांवरूनच.

समारंभ म्हटला की ‘कशाला तो डामडौल’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यातला नाही. मे २०२५ मध्ये राजे चार्ल्स, जे कॅनडाचेही राजे आहेत, राजधानी ओटावाला आले, तेव्हा शेजारचा देश कॅनडाला आपलं एक्कावन्नावं राज्य करून घेण्याच्या गोष्टी उघडपणे बोलत होता. २७ मे रोजी राजे घोड्यांच्या बग्गीतून सिनेटच्या इमारतीपाशी उतरले, मानवंदना झाली आणि त्यांनी स्वतः सिंहासनावरून संसदेसमोरचं अभिभाषण वाचलं. त्याआधी राजमुकुटधारी व्यक्तीनं हे काम इथे १९५७ मध्ये आणि १९७७ मध्ये केलं होतं, दोन्ही वेळा दुसऱ्या एलिझाबेथ राणींनी. त्या दिवशी बग्गी, घोडे आणि तोफांची सलामी मिळून जे बोलून गेली, ते चहाच्या कपावर कुणाला बोलता आलं नसतं. माझ्या शेजारचा माणूस एरवी राजेशाहीच्या नावानं बोटं मोडतो. त्यानंही त्या दिवशी टीव्ही बंद केला नाही.

पण आदल्या दिवशी, २६ मे रोजी, हेच राजे लॅन्सडाउन पार्कमध्ये मुलांच्या रस्त्यावरच्या हॉकीचा पक (खेळ सुरू करायची चकती) टाकत होते. पुरता एक दिवसही नव्हता तो दौरा, तरी त्यात दोन्ही बसलं. राजधानीला ते जमतं. तुमच्याकडे अर्धा तास आहे, आणि त्यातली पाच मिनिटं कोट ठेवण्यात आणि दारातून आत येण्यात जाणार.

इतमामाच्या कार्यक्रमाची बाजू आधी मांडतो. एक तर घाबरलेल्या माणसाला तो आधार देतो. कुठे उभं राहायचं, कधी टाळ्या वाजवायच्या, कोणत्या दारातून बाहेर पडायचं, सगळं ठरलेलं. आमच्या केंद्रातल्या अनेकांना इंग्रजी नीट येत नव्हतं. ‘आपण चुकलो तर’ या धास्तीत असलेल्या त्या माणसांना रंगीत तालमीनंतर हायसं वाटलं. दुसरं, वेळ पाळली जाते. तिसरं, प्रत्येकाला फोटो मिळतो, आणि तो फोटो पुढे कितीतरी वर्षं कुठल्या ना कुठल्या दिवाणखान्यात लावलेला असतो. हे हसण्यावारी नेऊ नका. देणगी मागायला गेलो की तो फोटो माझ्यापेक्षा जास्त बोलतो.

भाषणांचं फार मनावर घेऊ नका. ती कशीही झाली तरी चालतात.

आता रांग. माझा कल ज्यामुळे फिरला ती गोष्ट एवढीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आम्हाला स्वागताच्या रांगेत वीस माणसं उभी करता येणार होती. आमच्या यादीत चाळीस होती. वीस नावं कापायची म्हणजे काय, हे लग्नात मानपान सांभाळलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. विहिणीचा मान करायचा राहिला की निदान ती तोंडावर रुसते. इथे सगळे सभ्य होते, म्हणून रात्री अकराला लांबलचक ईमेल यायचे. चिटणीस आधी की खजिनदार, यावर एक अख्खी बैठक गेली. नगरसेवकांना पत्नीसह उभं राहायचं होतं. देणगीदारांपैकी दोन राहायलाच हवे होते. हे सगळं बसवता बसवता यादी खालून कातरली जात होती आणि खाली होती ती खरोखर काम करणारी माणसं.

त्यातल्या एका बाईंसाठी मात्र आम्ही हटून बसलो. दर गुरुवारी त्या मोठ्या पातेल्यात सूप करायच्या आणि जो येईल त्याला वाढायच्या, म्हणून केंद्रातली मुलं त्यांना सूपवाल्या आजी म्हणत. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे पार गेलेले. त्यांना सतरावा नंबर मिळाला. प्रत्येकाचं नाव, नावाचा उच्चार आणि एक ओळ माहिती आधीच कळवायची असते. त्यांची ओळ मीच लिहिली होती आणि खरं सांगायचं तर यादीतली सगळ्यात चांगली ओळ तीच होती.

पाहुणे बाराला येणार होते. सुरक्षेसाठी आम्हाला साडेनऊला आत घेतलं आणि दारं बंद झाली. जमिनीवर निळ्या चिकटपट्टीच्या फुल्या मारलेल्या, ज्यानं त्यानं आपापल्या फुलीवर. तासाभरानं मी आजींसाठी खुर्ची मागितली. व्यवस्थेतल्या एका तरुण अधिकाऱ्यानं अगदी नम्रपणे सांगितलं की रांगेमागे खुर्ची ठेवली तर ती फोटोत येते. पाहुणे जवळ आले की काढू म्हटलं, तर तेव्हा हालचाल नको, असं उत्तर मिळालं. त्याचंही चुकत होतं असं म्हणवत नाही. त्याला दिलेल्या कागदावर खुर्ची नव्हती.

साडेअकरानंतर आजी भिंतीशी असलेल्या लाकडी पेटीवर जाऊन टेकल्या. "आले की सांग," म्हणाल्या. मी नवव्या फुलीवर होतो. पाहुणे आले आणि सगळं भराभर झालं. वीस माणसं अकरा मिनिटांत, म्हणजे जो तो अर्ध्या मिनिटाचा धनी. माझ्याशी दोन वाक्यं झाली. ती संपल्यावर थोड्या वेळानं मी मान वळवली, तेव्हा आजी पेटीवरून उठत होत्या आणि पाहुणे सोळाव्या फुलीवरून अठराव्या फुलीकडे सरकले होते. मधल्या रिकाम्या जागेत कुणी असायला हवं होतं हे त्यांना कळायचं काही कारणच नव्हतं. गाठीशी पुढचं व्यासपीठ, भाषणं, कोनशिला. मागे फिरायला जागा कुठे होती?

आजींनी मनाला लावून घेतलं नाही. मला कुठे काय बोलायचं होतं, म्हणाल्या, आणि पुढच्या गुरुवारी नेहमीसारखं सूप केलं. लावून घेतलं ते मी. त्या दिवसाचा मोठा फोटो केंद्राच्या बोळात लावलाय. रांग ऐटीत उभी आहे, मधे एका माणसाएवढी फट आहे आणि फटीत जमिनीवर निळी फुली स्पष्ट दिसते. फोटोत खुर्ची तेवढी नाही.

आता कुणी म्हणेल, ही व्यवस्थेतली चूक झाली, तिचं खापर समारंभावर का फोडायचं? वाद मान्य आहे. अधिक शहाण्या माणसांनी तीच रांग खुर्च्यांसकट नीट केली असती. तरी मला वाटतं, रांगेचा स्वभावच तसा आहे. ती पाहुण्यांच्या चालण्यासाठी आखलेली असते, बाकीच्यांनी त्या आखणीत मावायचं.

म्हणून दुसऱ्यांदा, दुसऱ्या गावातल्या समितीत, मी पहिल्याच बैठकीत म्हटलं की रांग नको. लोकांनी मानलं, थोडं माझ्या भिडेखातर. पाच टेबलं मांडली, प्रत्येकाभोवती सहा खुर्च्या, आणि एकेक खुर्ची रिकामी. एका टेबलावर इंग्रजीचा वर्ग, एकावर विणकाम, एकावर नव्यानं आलेल्यांना सरकारी फॉर्म भरून देणं, असं जे एरवी चालतं तेच. पाहुण्यांनी यायचं, रिकाम्या खुर्चीत बसायचं आणि पुढच्या टेबलाकडे जायचं.

सोपं वाटतं ना? इतमामाच्या कार्यक्रमापेक्षा याला जास्त बैठका लागल्या. सुरक्षा तीच, कुत्री आणून तपासणी तीच, पत्रकारांचा दोरीमागचा कोपरा तोच. कोणत्या टेबलावर कोण, त्यांची नावं, उच्चार आणि ती एक ओळ, तेही तसंच द्यावं लागलं. साधेपणा केला की काम वाचतं आणि पैसा वाचतो या समजुतीत राहू नका. आमच्या खर्चात वाचला तो बँडचा अल्पोपाहार आणि कोनशिलेचा दगड.

कार्यक्रम मात्र रंगला. पाहुणे फॉर्मच्या टेबलावर बसले, समोरचा फॉर्म त्यांनी हातात घेऊन वाचला, आणि त्यातला एक प्रश्न त्यांनाही कळेना. टेबलावर असा हशा पिकला की दोरीमागचे पत्रकारही हसायला लागले. ज्या बाई महिनाभर त्या प्रश्नाशी झगडत होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते कुठल्याही भाषणानं आलं नसतं. पाहुणे तिथे ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त बसले.

आणि म्हणून दोन टेबलं राहिली. विणकामाच्या बायकांनी जाताना लांबूनच हात हलवला.

साध्या कार्यक्रमाचं हे दुखणं आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तो रंगला की वेळापत्रक मोडतो. शिवाय एक गोष्ट मला आजवर टोचते. एक जुने सैनिक आले होते, कडक इस्त्रीचा ब्लेझर, छातीवर पदकं. पाहुणे आत येऊन बसलेही, तेव्हा त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "राष्ट्रगीत कधी?" राष्ट्रगीत ठेवलंच नव्हतं. साधेपणाच्या भरात आम्ही त्यांच्याकडून सावधान उभं राहण्याचा तो एक मिनिट काढून घेतला होता, आणि त्यासाठीच ते पदकं लावून आले होते. आजींना उभं ठेवण्याइतकंच हेही चुकलं, असं आता वाटतं. त्या दिवशी मी फक्त "या वेळी नाही" म्हणून वेळ मारून नेली.

शिवाय साधं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. मार्च २०२२ मध्ये राजपुत्र विल्यम आणि त्यांची पत्नी केट जमैकात होते. २२ मार्चला किंग्स्टनच्या ट्रेंच टाउन भागात जाळीच्या कुंपणापलीकडे गर्दी होती. दोघं कुंपणापाशी गेले आणि जाळीतून पुढे आलेल्या हातांना हात लावत राहिले. त्यात राजशिष्टाचाराचा मागमूस नव्हता. तिथे हजर असलेल्यांना ते उत्स्फूर्त वाटलंही असेल. पण फोटो जगभर गेला तो जाळीच्या दोन बाजूंचा. दोनच दिवसांनी, २४ तारखेला, सैनिकी संचलनात दोघं उघड्या लँड रोव्हरमध्ये उभे राहून फिरले, आणि तो फोटो जुन्या वसाहतींच्या काळातला म्हणून गाजला. एकाच दौऱ्यात साधेपणही अंगाशी आलं आणि इतमामही. तिथल्या पंतप्रधानांनी तर आपला देश (म्हणजे ब्रिटिश राजेशाही सोडून) पुढे निघाला आहे असं त्यांना समोरच सांगितलं होतं. त्या हवेत कुठलाच फोटो भला दिसला नसता, हेही खरं.

यातून मी माझ्यापुरतं एक काढलंय: समारंभ यजमानाचा असेल तर शोभतो, पाहुण्यांसाठी म्हणून उभारलेला असला की अंगावर येतो. मे २०२२ मध्ये चार्ल्स, तेव्हाचे युवराज, पत्नी कॅमिलांसह तीन दिवस कॅनडात होते. वायव्य प्रदेशातल्या डेटाह या छोट्या वस्तीत येलोनाइव्ह्ज डेने या मूळनिवासी लोकांनी ढोल वाजवले, अग्नीला अर्पण करण्याचा आपला विधी केला, आणि पाहुणे त्यात सामील झाले. सेंट जॉन्स शहरात, निवासी शाळांत सक्तीनं नेलेल्या मूळनिवासी मुलांच्या स्मृतीसाठी केलेल्या बागेत, सगळे काही क्षण स्तब्ध उभे राहिले. दोन्ही समारंभच होते. पण मान कुणाचा आणि वाकायचं कुणी, याबद्दल तिथे गोंधळ नव्हता. तुमच्या संस्थेचा स्वतःचा असा काही विधी असेल, वर्षाची सुरुवात, एखादी प्रार्थना, घंटा, काहीही, तर बाहेरून बँड मागवण्याआधी त्याकडे बघा.

आणि दोन्ही एकत्र बसवायची कल्पना काही आजची नाही. २१ मे १९३९ रोजी ओटावात राष्ट्रीय युद्धस्मारकाचं अनावरण झालं. राजे सहावे जॉर्ज आणि त्यांच्या पत्नी राणी एलिझाबेथ आले होते. विधी रीतसर पार पडला, आणि तो संपल्यावर दोघं सरळ पहिल्या महायुद्धातल्या जुन्या सैनिकांच्या गर्दीत शिरले. त्याच दौऱ्यात पुढे अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हाइड पार्कच्या घरी त्यांना हॉट डॉग खाऊ घातले गेले, ती गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. मला ओटावाची जास्त आवडते. गर्दीत मिसळत चालण्याचा प्रकार राजघराण्याच्या दौऱ्यांत रीतसर रुळला तो १९७० च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यापासून. तोवर लोक दुसऱ्या एलिझाबेथ राणीला बहुतेक गाडीतूनच बघायचे.

तर मला विचाराल, आणि तुमची जागा, तुमची माणसं वेगळी असतील हे धरून चाला, तर मी दाराबाहेर दोन मिनिटं इतमामाला देईन. झेंडा, राष्ट्रगीत, आणि पदकं लावून आलेले जे कोणी असतील ते पुढे. गावात कॅडेटांचा बँड असेल तर जरूर बोलवा. मुलांना तो दिवस जन्मभर पुरतो. मग आत टेबलं आणि खुर्च्या. पाच टेबलं मांडायच्या मोहात पडू नका, तीन पुरेत, म्हणजे कुणी राहणार नाही. भाषण एकच, आणि तेही संस्थेच्या बाजूनं. पाहुण्यांना बोलायचं असेल तर ते बसल्या जागी बोलतात आणि ते जास्त चांगलं बोलतात. कोनशिला हवीच असेल तर पाहुणे जाण्याच्या वाटेवर ठेवा, पडदा ओढायला अर्धा मिनिट लागतो. भेटवस्तू द्यायची असेल तर आधी कळवा आणि हाताने केलेली छोटी वस्तू निवडा.

तुमचं सभागृह फार मोठं असेल, तीनचारशे माणसं येणार असतील, तर माझं म्हणणं बाजूला ठेवा. तिथे व्यासपीठ आणि रांगच बरी, टेबलांनी नुसता गोंधळ होईल. नगरपालिका किंवा प्रांत सहयजमान असेल तरी रांग बहुधा टळत नाही. तेव्हा एकच करा, खुर्चीचा मुद्दा पहिल्या बैठकीत काढा आणि लेखी घ्या. ऐन दिवशी, दारं बंद झाल्यावर, कुणाच्याही हातात काही उरत नाही.

आणि खुर्च्या घ्याल त्या हात असलेल्या घ्या. पाहुणे टेबलाशी आले की म्हातारी माणसं उठून उभी राहणारच, बसून राहा म्हणून कितीही सांगितलं तरी. उठताना धरायला काहीतरी लागतं.